नवीन घरात नालीचा वास जाता जाईना, काय करावं?

परसबाग
रामराम मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात. दोन वर्षांपूर्वी जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. जुन्या घराची मोरी मागच्या अंगणात होती. एक मोठी फरशी, कडेला दगड, पाणी सरळ अळूच्या वाफ्यात. त्या मोरीचा वास कधी घरात आला नाही असं आत्याबाई सांगतात, आणि मलाही तो आठवत नाही. आता घरात दोन संडास-बाथरूम आहेत, भिंतीला अर्ध्यावर टाइल्स आहेत, आणि घरात नालीचा वास आहे. वर्षभर थोडाथोडा असतो. एप्रिल लागला की सहन होत नाही.

सगळ्यात जास्त वास बाथरूममध्ये नाही, बैठकीत येतो. दुपारची जेवणं झाली, सगळे कूलरसमोर आडवे झाले, की सुरू. पहाटे जवळजवळ नसतो.

फिनाइल ओतलं. डांबराच्या गोळ्या टाकल्या. मिस्त्रीच्या सांगण्यावरून ॲसिडही टाकलं. तासभर बरं वाटतं, मग परत तेच. या महिन्याच्या २६ तारखेला दिराचं लग्न आहे, मुलीकडचे पाहुणे आदल्या दिवशी आमच्याच घरी उतरणार. आत्याबाईंना रात्री झोप नाही या काळजीने. कुणाला असा अनुभव असेल तर सांगा, मनापासून विचारते आहे.

सातपुडा
जाळी उचलून आत पाणी आहे का बघा. बहुतेक तिथेच आहे.

गोडंबी
ताई, खाण्याचा सोडा अर्धी वाटी आणि वर व्हिनेगर ओता. फेस येतो, पाईप साफ. मी दर रविवारी करते.

पांदण
संडासाच्या टाकीचा गॅसपाईप पाह्यला का ताई? आमच्या इकडं मिस्त्री लोक दोन फूट पाईप ठेवते अन् मोकळे होते. आमचा पाईप सयपाकघराच्या खिडकीच्या बरोबरीत होता. हवा सुटली का सारा वास चुलीपाशी. म्या तो वाढवून छताच्या वर नेला, वरतून जाळी बांधली. तवापासून वास नाई. जाळी बांधाच, नाई तं टाकीतले मच्छर त्याच पाईपातून बाहेर येते.

नळजोड
परसबाग ताई, मी अमरावतीला प्लंबिंगची कामं करतो, पंचवीस वर्षं झाली. खेड्यातली कामं भरपूर केली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सातपुडा यांनी एका ओळीत जे सांगितलं ते अगदी बरोबर आहे. बाथरूमच्या जाळीखाली जे भांडं असतं त्याला आम्ही नहाणी ट्रॅप म्हणतो. आपल्या न्हाणीवरूनच तो शब्द आला आणि इंग्रजी कागदपत्रांतही तसाच गेला. त्या भांड्यात साधारण दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहायला पाहिजे. ते पाणी म्हणजेच दार. पलीकडे चेंबर, टाकी, नाली आणि त्यांचा गॅस. अलीकडे तुमचं घर. पाणी आहे तोवर दार बंद, पाणी आटलं की दार उघडं. दुसरं काही दार तिथे नसतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. वापरात नसलेल्या बाथरूमचं हे दोन इंच पाणी थोड्याच आठवड्यांत उडून जातं. उन्हाळी सुट्टीत घर बंद करून गेलेले लोक परत आल्यावर मला फोन करतात, मी जाऊन एक बादली पाणी ओततो आणि पैसे न घेता परत येतो.

आता शोधायचं कसं. रात्री सगळ्यांच्या आंघोळी, भांडी झाली की घरातल्या प्रत्येक जाळीवर आणि सिंकच्या भोकावर ओलं फडकं घालून वर प्लास्टिकची पिशवी दाबून ठेवा, कडेने वजन ठेवा. सकाळी एकेक उघडून लगेच हुंगा. जिथून भपकारा येईल ते भोक तुमचं. दुसरी खूण उदबत्तीची. पंखे बंद करून पेटती उदबत्ती जाळीजवळ धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक, बाजूला ढकलला गेला तर खालून हवा येते आहे. मात्र टाकीच्या उघड्या झाकणापाशी ही उदबत्ती कधीही नेऊ नका, आतल्या वायूत मिथेन असतो आणि तो पेट घेतो.

सुवासिक गोळ्यांवर पैसे घालू नका. वास झाकायचा नाही, वाट बंद करायची.

जांभूळ
नळजोड यांनी फार चांगलं समजावलं. मी यवतमाळ जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा दोन गोष्टी माझ्याकडून.

गोडंबी, सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की एकमेकांना मारून टाकतात. जो फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि उरतं ते खारट पाणी. पाईपातला चिकट थर त्याने फारसा सुटत नाही. त्यापेक्षा ट्रॅपची जाळी काढून, हातमोजे घालून, जुन्या ब्रशने घासलेलं केव्हाही चांगलं. वास तिथल्या बुळबुळीत थरातूनही येतो. केस, साबण, त्यावर वाढलेले जिवाणू.

दुसरी गोष्ट फार काळजीची. ताई, ॲसिड टाकल्यावर त्याच जागी ब्लीचिंग पावडर टाकू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू होतो. आमच्या शेजारच्या काकूंनी संडास चकचकीत करायला दोन्ही एकावर एक टाकलं होतं. दार लावलेलं, खिडकी छोटी. खोकत खोकत बाहेर आल्या, डोळे लालबुंद, तीन दिवस घसा बसला होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले वेळेत बाहेर पडल्या म्हणून वाचल्या.

आणि टाकीत सारखं ॲसिड, फिनाइल जाऊ लागलं की आतले जिवाणू मरतात. मैला कुजवण्याचं काम तेच करतात. ते मेले की टाकी लवकर भरते आणि वास उलट वाढतो.

गोडंबी
हे माहीत नव्हतं, धन्यवाद जांभूळ. मग रविवारचा सोडा ढोकळ्याला ठेवते.

पेंचकाठ
माझं मत, मूळ टाकीतच आहे. दोन वर्षांत भरली असेल. झाकण उघडा, एखादा धट्टाकट्टा पोरगा आत उतरवा, गाळ काढून घ्या, प्रश्न मिटला. आमच्या गावात पूर्वी असंच करायचे.

जांभूळ
पेंचकाठ, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. तोवर तो कोसळलेला असतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो. दर उन्हाळ्यात पेपरात अशी बातमी असते आणि प्रत्येक वेळी एकाच टाकीत दोन-तीन माणसं गेलेली असतात. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. कायदा नसता तरीही कुणाच्या लेकराला आपल्या घाणीत उतरवायचं का?

पेंचकाठ
बरोबर आहे तुमचं. लिहिताना विचार केला नाही, मागे घेतो. तालुक्याच्या ठिकाणी आता व्हॅक्यूमचा टँकर मिळतो, तोच बोलवावा.

काळीमाती
टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी असं सांगतात. पण परसबाग ताई, तुमचं खारपाणपट्ट्यातलं गाव म्हटल्यावर मला दुसरीच शंका येते. टाकीतून बाहेर पडणारं पाणी जातं कुठं?

मी अकोला जिल्ह्यातला, तुमच्यासारखाच खारपाणपट्ट्यातला. आपली माती म्हणजे चिकण काळी. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून एकजीव, पाण्याचा थेंब खाली जाऊ देत नाही. शोषखड्डा सगळीकडे एकाच मापाचा काढतात, मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल, त्यात दगड, गिट्टी, वाळू. मुरमाड जमिनीत तो पाणी पितो. आपल्या जमिनीत त्याचा हौद होतो आणि हौदाचं डबकं. आमच्या गावात योजनेत काढलेले कितीतरी खड्डे पहिल्याच पावसाळ्यात तुडुंब झाले.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून नाल्या बंद केल्या आणि डास घालवले, ते मॅजिक पिट पाहायला लोक लांबून गेले. मीही गेलो होतो, पाहून आनंद झाला. पण परत येऊन तसाच खड्डा आमच्या अंगणात केला आणि फसलो. आमच्याकडे शेवटी काय चाललं? न्हाणीचं आणि भांड्याचं पाणी उघड्या चरातून कर्दळी आणि केळीला. संडासाचं पाणी त्यात अजिबात नाही. केळीची मुळं पाणी ओढतात, ऊन उरलेलं उडवतं. ताईच्या आत्याबाईंची अळूची मोरी म्हणजे हेच होतं. ती जुनी माणसं माती ओळखून होती.

शेणसडा
अगदी! आमच्या आजीच्या मोरीशी पण अळू होता, त्याचीच भाजी भाद्रपदात महालक्ष्म्यांना.

पांदण
आन गावातल्या नाल्यांचं काय हो काळीमाती भाऊ? सिमेटाची नाली बांधली, उतार उलटा. पाणी जाते कुठं तं कुठंच नाई, माह्या दारासमोर उभं रायते. तक्रार केली, तीन उन्हाळे झाले. घरातली वाट बंद केली तरी दारातून येते तो वास.

काळीमाती
पांदण भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे आणि ते एका घराने सुटणारं नाही. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव आपल्याच अमरावती जिल्ह्यात. हातात खराटा घेऊन त्यांनी गावोगावच्या नाल्या स्वतः काढल्या, आणि २००० साली त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्या वर्षांत आमच्या गावानेही दर शनिवारी नाली काढली होती, मी स्वतः फावडं धरलं होतं. तपासणीची समिती येऊन गेली आणि फावडी परत गोठ्यात गेली. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

ग्रामसभेत लेखी द्या, उताराचा मुद्दा ठरावात घ्यायला लावा. तोंडी तक्रारीचा काही माग राहत नाही.

धानकापणी
आमच्या भंडारा साईडला बऱ्याच घरी दोन खड्ड्यांचे संडास आहेत. त्याला गॅसपाईप लागतच नाही, गॅस विटांच्या भोकातून मातीत जिरते. एक खड्डा भरला की मधल्या चेंबरमधून दुसरा चालू करायचा, पहिला वर्ष-दोन वर्ष बंद ठेवायचा. मग निघते ते चहापत्तीसारखं खत, वास काहीच नाही. ताई, तुमचं टाकीचं आहे की खड्ड्याचं ते सांगा आधी.

परसबाग
सगळ्यांचे खूप आभार. आमचं टाकीचं आहे. टाकीचं पाणी मागच्या चराला जातं, काळीमाती दादांची शंका बरोबर आहे, पण ते घरापासून लांब आहे, वावराच्या बांधापाशी.

काल रात्री नळजोड दादांनी सांगितल्याप्रमाणे सगळी भोकं बांधली. फडकी पुरली नाहीत म्हणून जुनं धोतर फाडलं. आज सकाळी मी आणि आत्याबाईंनी एकेक उघडलं.

आमचं रोजचं बाथरूम: काही नाही. सयपाकघराचं सिंक: थोडा वास. खाली वाकून पाहिलं तर सिंकचा तो सुरकुत्यांचा पांढरा पाईप जमिनीतल्या पाईपात नुसता खोचलेला आहे, भोवती बोटभर फट.

पाहुण्यांचं बाथरूम उघडलं आणि आत्याबाई दोन पावलं मागे सरल्या. जाळी काढली. बोट घातलं तर कोरडी धूळ, एक मेलेलं झुरळ आणि पांढऱ्या सिमेंटचा एक खडा. पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या बाथरूमच्या ट्रॅपमध्ये एक उलटी वाटी आहे, इथे वाटीच नव्हती! घर धुंडाळलं. माळ्यावर उरलेल्या टाइल्सच्या खोक्यात सापडली, प्लास्टिकच्या पिशवीत, कोरी करकरीत. दोन वर्षं ती तिथेच पडून होती.

वाटी बसवली, दोन तांबे पाणी ओतलं. बुडुबुडु आवाज आला आणि मग शांत. तासाभराने आत जाऊन दार लावून उभी राहिले. नुसता साबणाचा वास. मला खरंच रडू आलं, एवढ्याशा वाटीसाठी दोन वर्षं पाहुण्यांसमोर मान खाली घातली.

पण बैठकीतला वास गेलेला नाही. आज दुपारी परत होता.

नळजोड
वा ताई, नीट काम केलंत. ती वाटी म्हणजेच त्या ट्रॅपचा जीव. पाणी तुंबतं म्हणून कित्येक लोक स्वतःच काढून फेकतात. आता त्या बाथरूममध्ये आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी टाकत जा. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर पाणी टाकून वर दोन चमचे खायचं तेल सोडा. तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

सिंकच्या पाईपाला त्या मापाचा रबरी बूच मिळतो, हार्डवेअरच्या दुकानात मागा. लग्नापुरतं एमसील लिंपलं तरी चालेल. आणि तोच सुरकुत्यांचा पाईप खाली सरळ न सोडता मध्ये वळसा देऊन बांधा, म्हणजे वळशात पाणी थांबतं.

तुमच्याकडच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याचा पांढरा साका होतो. तो ट्रॅपमध्ये बसतो, म्हणून दर महिन्याला वाटी काढून घासा. सयपाकघरातही तर्रीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, आधी भांडं कागदाने पुसून घ्या. तेल पाईपात थिजतं आणि त्यावर सगळं चिकटतं.

बैठकीचं कोडं मात्र मला सुटत नाही. तिथे भोक आहे का एखादं?

आंबाडी
मी वर्ध्याहून, पहिल्यांदाच लिहिते. ताईंनी सुरुवातीलाच लिहिलंय की सगळे कूलरसमोर आडवे झाले की वास सुरू होतो. कूलरचंच पाणी सडलं असेल का? आमच्याकडे मागच्या वर्षी तेच झालं, ताट्यांचं गवत काळं पडलं होतं.

परसबाग
आंबाडी, पाणी तीन दिवसांपूर्वीच बदललं, गवतही यंदाचं आहे. कूलरच्या टाकीत हात घालून हुंगलं, काही नाही.

आंबाडी
मग कूलर आहे कुठे? म्हणजे त्याची पाठ कुठे आहे?

परसबाग
मागच्या खिडकीत, लोखंडी स्टँडवर. पाठ मागच्या अंगणात.

थांबा. जाऊन पाहून येते.

सातपुडा
😮

परसबाग
आंबाडी, तुझ्या तोंडात साखर पडो!

कूलरच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर, चेंबर आहे. घरातलं सगळं पाणी तिथे एकत्र येतं. वरची फरशी एका कोपऱ्यातून फुटलेली, दोन बोटं जातील एवढी फट. गवार वाळत घातलेलं पोतं त्यावर होतं म्हणून कधी दिसली नाही. कूलर चालू करून फटीजवळ राख सोडली. राख खाली पडलीच नाही, सरळ वर, कूलरच्या गवताकडे ओढली गेली. म्हणजे दर दुपारी आम्ही चेंबरमधली हवा ओढून, गार करून, सगळ्या घरात सोडत होतो. पहाटे कूलर बंद असतो म्हणून वास नसायचा.

नळजोड
ताई, पंचवीस वर्षांत मी कूलर विचारात घेतला नव्हता. आजपासून घेईन. आंबाडी ताई, मानलं तुम्हाला.

आता फरशीचं. नवीन घ्या, चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त मापाची. सिमेंटने कायमची लिंपू नका, कधी तुंबलं तर उघडावी लागेल.

पांदण
काळ्या मातीनंही लिंपू नका, एका उन्हात भेगा पडते. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापा, दोन बोटं रुंद पट्टी, चेंबरच्या काठावर सारी गोल ठेवा, वरतून फरशी. फरशीच्या वजनानं ट्यूब दबते अन् गच्च बसते. आमच्या बायोगॅसच्या टाकीले म्या असंच केलं. ट्यूब नसन तं सांगा, आमच्या गोठ्यात तीन पडून हायेत, दर्यापूरच्या बाजारात येतो मी बुधवारी.

काळीमाती
आणि कूलर दुसऱ्या खिडकीत हलवता येत असेल तर हलवाच. चेंबर कधीतरी उघडावं लागणारच.

परसबाग
दिराने कूलर पूर्वेच्या खिडकीत नेला, स्टँडचा एक पाय छोटा पडला, त्याखाली वीट दिली. नवी फरशी गुरुवारी येतेय. पांदण भाऊ, बुधवारी मामाजी बाजारात येणारच आहेत, ट्यूब नक्की घेतील. बदल्यात आमच्या झाडाचे आंबे आणतील, नाही म्हणू नका.

आज दुपारी सगळे बैठकीत झोपले. मी मुद्दाम जागी राहिले. कूलरच्या ओल्या गवताचा वास, तो मला फार आवडतो, दोन वर्षांत पहिल्यांदा नुसता तोच आला. आत्याबाईंनी झोपेतच पदर तोंडावरून काढला.

धानकापणी
वाचून बरं वाटलं ताई. लग्नाच्या शुभेच्छा.

शेणसडा
माझाही एक प्रश्न याच धाग्यात विचारू का? आमच्याकडे उन्हाळ्यात काहीच नाही, पण पहिला मोठा पाऊस झाला की संडासातून वास येतो आणि पाणी हळू उतरतं. टाकीच आहे, आठ वर्षं उपसलेली नाही.

नळजोड
आठ वर्षं म्हणजे टँकर बोलवायची वेळ झाली, शेणसडा ताई. पाऊस लागायच्या आधी बोलवा, नंतर तुमच्या गल्लीतल्या चिखलात तो येणार नाही. आणि टाकीचं पाणी जिथे बाहेर पडतं त्या तोंडाशी पावसाचं पाणी उलट आत शिरतंय का तेही पाहा. फोटो टाकता आला तर टाका.